फवारणीचं विष आणि घरातली बाई



कपाशीला पाते लागले की आपल्या जालना जिल्ह्यात रोज कुणाच्या ना कुणाच्या शिवारात फवारा चालू असतो. ‘औषध मारायचंय’ असं आपण म्हणतो. पण ते माणसासाठी विष आहे. त्यातही बाटलीतलं मूळ विष फार घट्ट असतं. पंपातल्या पाण्याच्या थेंबापेक्षा बाटलीतला एक थेंब कितीतरी पट जोरानं लागतो.

पंप बहुतेक वेळा गडीमाणसाच्या पाठीवर असतो. म्हणून बाई म्हणते, “मी कुठं फवारते?” पण पाणी आणून कोण देतं? बादलीत काडी कोण फिरवतं? फवाऱ्याचा सदरा कोण धुतं? दुसऱ्या दिवशी त्याच वावरात खुरपायला कोण जातं? हे विष पोटातूनच जातं असं नाही. कातडीतून, डोळ्यातून आणि श्वासातूनही ते अंगात भिनतं. म्हणून आजची गोष्ट आपल्यासाठी आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आठवा. फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यांनी विष प्यायलं नव्हतं, ते फक्त काम करत होते. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा तोंडावर, छातीवर येत होता. हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र केली जात होती आणि अंगावर हातमोजे, मास्क काही नव्हतं. कपाशी आपल्याकडेही तीच आहे.

मग काय करायचं? सुरुवात दुकानापासून करा. पक्की पावती आणि मराठीतली माहितीपत्रिका मागून घ्या. बाटलीवरचा रंगीत चौकोन बघा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याच्याखाली पिवळा, मग निळा आणि सगळ्यात कमी हिरवा. वाचता येत नसलं तरी रंग ओळखता येतो. पण हिरवा म्हणजे निर्धास्त, असं समजू नका. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे. ‘कपाशीचं थोडं उरलंय, वांग्यावर मारू’ असं घरात कुणी म्हटलं तर तिथंच थांबवा.

आता माप. बाटलीचं झाकण हे माप नाही, प्रत्येक झाकण वेगळं असतं. बाटलीसोबत आलेलं माप किंवा खुणा असलेला प्लास्टिकचा पेला वापरा. पत्रिकेवर १० लिटर पाण्याला २० मिली लिहिलं असेल आणि पंप १६ लिटरचा असेल, तर ३२ मिली लागतं. पत्रिकेवर हेक्टरचा आकडा असेल तर एकरासाठी त्याला अडीचनं भागा. ‘जरा जास्त टाकलं तर किडी लवकर मरतात’ हा समज खोटा आहे. जास्त टाकल्यानं पैसा जातो, मित्रकीटक मरतात आणि माणसाला धोका वाढतो.

मिसळायचं काम उघड्यावर करा, घरात किंवा गोठ्यात नको. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवा. हातानं ढवळू नका, लांब काठी घ्या. ती काठी आणि बादली परत घरकामात आणू नका. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लेकरं यांना या कामापासून लांबच ठेवा. पत्रिकेवर लिहिलेलं नसेल तर दोन औषधं एकत्र करू नका.

फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, वारा कमी असताना करावी. वाऱ्याच्या तोंडाला उभं राहू नये. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, पाण्यानं आणि मऊ ब्रशनं साफ करायचं. मध्येच तंबाखू, बिडी, भाकर काही नाही. काम संपलं की साबणानं अंघोळ. फवाऱ्याचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत साबणानं धुवा. ते पाणी विहीर, ओढा किंवा हापशाजवळ सांडू नका. फवारलेल्या वावरात लगेच खुरपायला जाऊ नका. किती वेळ थांबायचं आणि भाजी किती दिवसांनी तोडायची, तेही पत्रिकेवर असतं.

रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी घरात आणायचा नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण खाऊन २३ लेकरं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळलं. म्हणून डबा तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता आणि डब्याला भोकं पाडा. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत कधीच भरू नका. मूळ बाटलीतच, कुलपाच्या पेटीत, घराबाहेर ठेवा. रागाच्या भरात कुणाचा हात तिथं पोहोचू नये, यासाठीही कुलूप हवं.

मस्तगडच्या गल्लीतली गुलाबाची कुंडी असो की वाडीवरची परसबाग, चार झाडांसाठी असलं घट्ट विष आणायची गरज सहसा पडत नाही. माव्यावर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून बघा. नाहीतर अर्धा किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा, २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि एकूण १० लिटर पाणी करा. हा निंबोळी अर्क त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. कीड ओळखू येत नसेल तर पान घेऊन कृषी खात्याच्या माणसाला किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

शेवटी, बाधा झालीच तर. डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, अंधारी, हातपाय थरथरणं, दम लागणं. याला ‘ऊन लागलं’ म्हणून झोपवून ठेवू नका. त्रास काही तासांनीही सुरू होतो. कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडा. धुताना आपल्या हातात मोजे असू द्या. उलटी करवू नका, दूध, लिंबू, मीठ-पाणी पाजू नका. बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा आणि बाटली किंवा पत्रिका सोबत न्या. कोणतं विष आहे ते कळलं की डॉक्टरांना नेमका उपचार लगेच सुरू करता येतो.

येत्या बैठकीत गटानं एवढं ठरवावं: फवारणी करणाऱ्या प्रत्येक घरात हातमोज्यांचा जोड, एक माप आणि एक कुलपाची पेटी. पैसे कमी पडले तर गटातून उसने द्या. कुणाकडे काय नाही, ते वहीत लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीत परत विचारा.