विष्णूला शंभर हात कुणी दिले?

चांगली शिकलीसवरलेली माणसंही मला ठासून सांगतात, ‘१८९७ साली बाझलमध्ये ज्यू पुढाऱ्यांनी जग ताब्यात घ्यायचा कट शिजवला, त्या गुप्त बैठकीचं इतिवृत्त छापलेलं आहे.’ दर वेळी संताप होतो. ते म्हणतात ते इतिवृत्त म्हणजे ‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’. ते बनावट आहे, आणि ते कशावरून बेतलं हे शंभर वर्षांपूर्वीच उघड झालंय.

बाझलची ती बैठक म्हणजे ज्यूंसाठी मायभूमी मागणारी झायोनिस्ट काँग्रेस, आणि ती उघड भरली होती. सुमारे दोनशे प्रतिनिधी, समोर पत्रकार, आणि खरं इतिवृत्त जर्मनमध्ये छापून प्रसिद्ध. ‘प्रोटोकॉल्स’ उगवले १९०३ साली, सेंट पीटर्सबर्गच्या एका ज्यूद्वेष्ट्या वर्तमानपत्रात.

१९२१मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चे बातमीदार फिलिप ग्रेव्हज यांच्या हाती कॉन्स्टँटिनोपलला एक जुनं फ्रेंच पुस्तक आलं. नावाचं पान गायब, पाठीवर फक्त ‘जोली’ अशी अक्षरं. मोरिस जोली या वकिलाने १८६४ साली ते तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवर लिहिलं आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. नरकात माकियाव्हेली आणि माँतेस्क्यू वाद घालतात, एवढाच त्याचा घाट. ज्यूंच्या कटाचा त्यात मागमूस नाही. ग्रेव्हज यांनी या पुस्तकातले आणि ‘प्रोटोकॉल्स’मधले उतारे शेजारी शेजारी छापले.

त्यातला एक पुरावा तर आपल्या ओळखीचा आहे. वर्तमानपत्रं मुठीत कशी ठेवावीत हे सांगताना जोली विष्णूच्या शंभर हातांची उपमा देतो. आपला विष्णू चतुर्भुज! ही चूक जोलीची, आणि ‘प्रोटोकॉल्स’मध्येही विष्णू शंभर हातांचाच. शेजारच्याची चूक जशीच्या तशी उतरवणारा परीक्षेत असाच सापडतो.

‘कागद खोटा असेल, पण आशय खरा’ असंही ऐकवतात. अहो, आशय तिसऱ्या नेपोलियनबद्दलचा आहे!

‘हेन्री फोर्डने हे छापलं होतं’: हो, आणि १९२७ साली जाहीर माफीही मागितली.

‘ती काँग्रेस भरवणाऱ्या हर्झलच्या कादंबरीत हाच बेत आहे’: ‘आल्टनॉयलांड’ (१९०२) वाचा. १९२३ सालचा पॅलेस्टाइन, वीज, सहकारी संस्था, मतदार स्त्रिया, आणि नव्या समाजाचा अरब सभासद रशीद बे. अरबांना हर्झलने जितकं सुखी रंगवलं त्यावर कडाडून टीका करता येते, करावीही. पण फक्त ज्यूंना हक्क द्या म्हणणारा गायर त्याच कादंबरीत निवडणूक हरतो.