दत्तक लेकराच्या मुलखात
ताटातील भाकरीपासून चवदार तळ्याच्या पाण्यापर्यंत, पालकांनी काय समजून घ्यावे?

भारतातील मूल दत्तक घेणाऱ्या परदेशी दांपत्याला मुलाला नेण्यासाठी स्वतः येथे यावे लागते. हे दिवस बहुधा कागदपत्रे, पारपत्र आणि हॉटेलची खोली यांत सरतात. मूल हाती येते. परंतु ते ज्या मुलखात जन्मले, तेथील माणसे काय खातात, केव्हा उठतात, पावसाळ्यासाठी काय साठवतात, हे पाहायचे राहून जाते. पुढे दहा-बारा वर्षांनी मूल विचारते, "मी कुठला?" तेव्हा पालकांपाशी एक फाइल असते आणि ताजमहालाचे छायाचित्र. हे उत्तर पुरेसे नाही.

अशा प्रवासाची गरज जगाने फार पूर्वी ओळखली आहे. कोरियन युद्धानंतर दक्षिण कोरियातून सुमारे दोन लाख मुले परदेशी कुटुंबांत गेली. मोठ्या झालेल्या या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी मायदेश दाखवणाऱ्या सहली तेथे अनेक वर्षे निघत आहेत. खांडव्याचा सरू ब्रायर्ली लहानपणी रेल्वेत चुकून कोलकात्याला पोहोचला व 1987 मध्ये ऑस्ट्रेलियातील कुटुंबात दत्तक गेला. त्याच्यावरील 'लायन' या 2016 च्या चित्रपटात बालपणाची आठवण जागी होते ती जिलबीच्या दर्शनाने. नकाशा विसरला, तरी जीभ विसरत नाही.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात आंतरदेशीय दत्तकविधानाला शिस्त घातली. मुलाला आधी देशातच कुटुंब शोधावे, ते न मिळाल्यास परदेशाचा विचार व्हावा, हे त्यातील मूळ सूत्र. 1990 मध्ये केंद्रीय दत्तक प्राधिकरण स्थापन झाले आणि 2003 मध्ये भारताने हेग करारास मान्यता दिली. बाल न्याय कायद्यातील दुरुस्तीनंतर, सप्टेंबर 2022 पासून, दत्तकविधानाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. परदेशी गेलेल्या मुलाचा अहवाल पहिल्या वर्षी दर तिमाहीस व दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. मूल तिथे रुजते आहे की नाही, हे या अहवालांतून कळते. ते कुठून उपटले गेले, हे मात्र पालकांनाच समजून घ्यावे लागते.

मुलाचा मुलूख कोणता?

येथेच पहिली अडचण उभी राहते. मूल ज्या शहरातील संस्थेत वाढले, ते त्याचे जन्मस्थान असेलच असे नाही. सोडून दिलेल्या मुलाच्या कागदांत अनेकदा ते कोठे सापडले, एवढीच नोंद असते. गावच ठाऊक नसेल, तर तालुका हेच त्याचे गाव मानावे लागते.

समजा, ही नोंद दक्षिण रायगडातील महाड किंवा पोलादपूरची आहे. कोकण म्हटले की पाहुण्याच्या डोळ्यांपुढे समुद्र, नारळ आणि ताजी मासळी येते. हे दोन्ही तालुके मात्र किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री येथून वाहते. महाडची बाजारपेठ, औद्योगिक वसाहत आणि एसटी स्थानक हा एक चेहरा. डोंगरउतारावरच्या लहान लहान वाड्या हा दुसरा. पोलादपूरहून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो, तर महामार्ग कशेडी ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात उतरतो. येथील कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईवर अवलंबून आहेत. त्यामुळे एरवी म्हाताऱ्यांची वाटणारी वाडी शिमग्याला आणि गौरी-गणपतीला एकाएकी भरून जाते. रिकामे घर म्हणजे टाकलेले घर नव्हे, हे पाहुण्याला कुणी तरी सांगावे लागते.

ताटात काय असते?

खाचरांत भात आणि वरकस उतारांवर नाचणी-वरी ही येथील शेती. ताटही तिलाच धरून असते. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, वालाची आमटी, आंबटपणाला आमसूल. ताजी मासळी रोजची नव्हे. पावसाळ्यापूर्वी आगोटीच्या बाजारात सुकट, बोंबील, मिरची, मीठ भरून ठेवायचे आणि चार महिने ते पुरवायचे. मृगाच्या सुमारास शेवळे, पुढे टाकळा, कुर्डू, कंटोली या रानभाज्या. गौरीच्या दिवशी अनेक घरांत घावन-घाटले होते. कातकरी वाडीतले ताट याहून वेगळे. तेथे नदीतले मासे, खेकडे आणि जंगलातले करांदे अधिक. म्हणजे एका तालुक्याचेही एकच खाणे नसते. 'भारतीय जेवण' हा शब्द तर हॉटेलाच्या पाटीपुरताच खरा.

याचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. संस्थेतील मूल ठरावीक वेळी, ओळीत बसून, मऊ भात-वरण हाताने खाते. नव्या घरात त्याच्यापुढे काटे-चमचे आणि थंड दूध येते, तेव्हा ते तोंड फिरवते. काही मुले अन्न उशीखाली लपवून ठेवतात. ही चोरी नव्हे. पुढच्या जेवणाची खात्री अजून पटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून पालकांनी सांभाळणाऱ्या मावशींना विचारावे: हे काय खाते, कशाने शांत होते, झोपताना शेजारी कोण असते? पिठल्याची कृती लिहून घ्यावी. आईबापांच्या हातची फसलेली भाकरीदेखील मुलाला सांगते की तुझे आम्हाला परके नाही.

पाण्याची गोष्ट

महाडला गेलेल्या पालकांनी चवदार तळे पाहिल्याखेरीज परतू नये. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह या सार्वजनिक तळ्याचे पाणी प्राशन केले. कोणी कुठले पाणी प्यावे, कोणासोबत जेवावे, हे जन्मावरून ठरवणाऱ्या व्यवस्थेला ते आव्हान होते. दत्तक मुलाची जात पुष्कळदा ठाऊकच नसते आणि आपल्याकडील सुशिक्षित नातलगही ती दबक्या आवाजात विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर या तळ्याकाठी उभे राहून मुलाला देता येते.

या भूमीचे दुःखही लपवू नये. जुलै 2021 मध्ये महाड शहर पुराखाली गेले आणि तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. मूल का सोडले गेले, याचे उत्तर प्रत्येक वेळी निर्दयतेत सापडत नाही. गरिबी, आजार, आपत्ती आणि एकट्या बाईवर येणारा समाजाचा दाब ही कारणेही असतात.

कोठे थांबावे?

मुलूख पाहणे वेगळे आणि जन्मदात्रीचा शोध घेणे वेगळे. चाळीस घरांच्या वाडीत परदेशी जोडपे सावळ्या मुलाचा हात धरून उतरले, तर संध्याकाळपर्यंत तालुकाभर चर्चा होते. ज्या बाईने कोणालाही न सांगता मूल सोपवले असेल, तिचा संसार त्या एका दिवसात मोडू शकतो. म्हणूनच नियमांनी मूळशोधाला परवानगी देताना कुंपणही घातले आहे. अठरा वर्षांवरील व्यक्तीला स्वतः अर्ज करता येतो. त्याखालील मुलाला दत्तक पालकांसह करावा लागतो. त्रयस्थाला हा शोध घेता येत नाही आणि मूल सोपवताना जन्मदात्यांनी गुप्तता मागितली असेल, तर त्यांची संमती आवश्यक ठरते.

तेव्हा तालुक्यापर्यंत जावे, उंबरठ्यापर्यंत नव्हे. बाजारातून आमसुले घ्यावीत, एसटीने एक फेरी करावी, एखाद्या खाणावळीत भाकरी खावी. भेटवस्तू वाटत, दारिद्र्याची छायाचित्रे काढत हिंडू नये. त्या चेहऱ्यांत मूल पुढे स्वतःला शोधणार असते.

हे केवळ परदेशी पालकांनाच लागू आहे असे नाही. कोकणातले मूल दत्तक घेतलेले मुंबई-पुण्याचे कुटुंब आपण एकाच भाषेचे आहोत, या समाधानात असते. पण नाचणीची भाकरी त्यांच्याही ताटाला पुष्कळदा अनोळखीच असते. त्यांना तर विमानाचे तिकीटही नको. महाड मुंबईहून जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर आहे.