गुडघ्याचा नवा दोर कुठून आणायचा?

कबड्डीत पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर गर्रकन वळतं, गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. अशा वेळी बहुधा एसीएल, म्हणजे नडगीचं हाड पुढे सरकू न देणारा अस्थिबंध तुटलेला असतो. सांध्यातल्या द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे तो सहसा आपोआप जुळत नाही. म्हणून नुसते टाके न घालता दुर्बिणीतून बहुतेक वेळा रुग्णाच्याच शरीरातला स्नायुबंध तिथे बसवतात.

मांडीच्या मागचे दोन स्नायुबंध काढून, घडी घालून वापरले, तर जखम लहान राहते आणि गुडघ्यापुढे दुखणं कमी असतं. पण पाय मागे दुमडण्याची ताकद थोडी घटते. वाटीखालच्या स्नायुबंधाचा मधला पट्टा दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसह काढतात. हाडाला हाड लवकर जुळतं, म्हणून अनेक सर्जन तरुण खेळाडूंसाठी तो निवडतात. मात्र गुडघे टेकून बसताना दुखू शकतं. वाटीवरचा जाड स्नायुबंध हा तिसरा पर्याय.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॅबिलिटी’ चाचणीत 618 तरुण रुग्ण होते. मांडीमागच्या स्नायुबंधाला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जादा आधार दिल्यावर तो पुन्हा तुटण्याचं प्रमाण दोन वर्षांत 11 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आलं.

तंत्र कोणतंही असो, व्यायाम चुकत नाही. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरण्याची घाई करू नये.