वरून गुळगुळीत, आतून कच्चा

हुगळी नदीवरील हावडा पूल १९४३ साली वाहतुकीसाठी खुला झाला. सुमारे २६,५०० टन पोलादाचा हा सांगाडा रिव्हेटांनी जोडलेला आहे. लालभडक तापवलेली रिव्हेट छिद्रात घालून तिचे टोक ठोकून पसरवले जाई. निवताना ती आक्रसे आणि पोलादी पट्ट्या घट्ट आवळल्या जात. अशी रिव्हेट सैल झाली, तर हातोडीच्या हलक्या ठोक्याच्या आवाजावरून जाणकाराला ते कळते.

पुलापासून फार दूर नसलेल्या बेलिलियस रोडच्या छोट्या कारखान्यांत विजेच्या वेल्डिंगचे काम चालते. खिडक्यांच्या जाळ्या, फाटके, शेतीची अवजारे यांसाठी हेच काम महाराष्ट्रातील गावोगावीही होते आणि घरी लहान यंत्र आणून अनेक जण ते शिकतात. मात्र वेल्डिंगचा जोड वरून गुळगुळीत दिसला तरी आत कच्चा असू शकतो, हे नवशिक्याच्या ध्यानी लवकर येत नाही.

वेल्डिंगच्या कांडीचे टोक लोखंडाला टेकवून किंचित उचलले की दोहोंमध्ये विजेची प्रखर ज्योत पेटते. तिच्या उष्णतेने कांडी वितळते. जोडायच्या दोन्ही कडाही वितळून त्या रसात मिसळल्या, तरच खरा जोड तयार होतो. प्रवाह कमी पडला तर कांडीचा रस नुसता वर बसतो. पाणी न मारलेल्या भिंतीवरचा गिलावा जसा निघून येतो, तसा हा जोडही धक्क्यासरशी सुटतो. उलट प्रवाह फार झाला की पातळ नळीला भोक पडते. बाजारात बारा नंबर म्हणून मिळणाऱ्या २.५ मिलिमीटर जाडीच्या कांडीला साधारणपणे ६० ते ९० अँपिअर, तर दहा नंबरच्या कांडीला ९० ते १३० अँपिअर प्रवाह लागतो. नेमका आकडा कांडीच्या पुड्यावर छापलेला असतो. तो वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

जोडाची जागा आधी गंज, रंग व तेल काढून स्वच्छ करावी. कांडीचे टोक लोखंडापासून कांडीच्या जाडीइतकेच दूर ठेवावे आणि हात संथ, एकाच गतीने सरकवावा. चौकट करताना प्रथम चारही कोपऱ्यांना ठिपक्यांएवढे टाके घालावेत, गुण्या लावून काटकोन तपासावा आणि मगच पूर्ण जोड भरावा. एका बाजूने सलग भरत गेल्यास उष्णतेने चौकट वाकडी होते.

कांडीवरील लेप जळून निघणारा वायू रसाला हवेपासून वाचवतो. लेप ओला असेल तर जोडात बारीक छिद्रे राहतात. हावड्याच्या काय किंवा कोकणाच्या काय, पावसाळी हवेत कांड्या बंद डब्यातच ठेवाव्यात. ओल्या जमिनीवर उभे राहून किंवा भिजलेल्या हातमोज्यांनी काम करणे तर जिवावर बेतू शकते.

ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्याचा त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते व पाणी वाहते. कच्च्या बटाट्याचे काप ठेवण्याचा उपाय कारागीर सांगतात, पण अशा वेळी डॉक्टरकडेच जावे. साधा काळा चष्मा येथे कुचकामी आहे. दहा किंवा अकरा क्रमांकाची काच असलेले, चेहरा व मान झाकणारे शिरस्त्राण हवे. जस्ताचा मुलामा असलेल्या नळीचा धूर हुंगल्यास संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. म्हणून जोडाभोवतीचा मुलामा आधी घासून काढावा आणि काम मोकळ्या हवेत करावे.

जोड कसा झाला हे पाहण्यासाठी भंगारातील दोन पट्ट्या फक्त एका बाजूने जोडाव्यात. निवल्यावर वरची काजळपट्टी ठोकून काढावी. मग एक पट्टी शेगड्यात पक्की आवळावी आणि दुसरीवर हातोडीने घाव घालून, जोडाचे मूळ उघडे पडेल अशा दिशेने, ती वाकवावी. तुटलेल्या जागी मूळची कड सरळ, न वितळलेली दिसली, तर प्रवाह थोडा वाढवून पुन्हा दोन पट्ट्या घ्याव्यात.