ताण किती, हे कुणाला विचारायचं?

आंबे बहार धरायचा म्हणून लोणी देवकर परिसरात डाळिंबाची बाग ताणावर सोडतात, म्हणजे ठिबक बंद करतात. शेंड्यांची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात आणि वाढीवर खर्च व्हायचं अन्न काडीतच साठतं. मग इथ्रेलची फवारणी, पानगळ, हलकी छाटणी, खतं. त्यावर पहिलं हलकं पाणी बसलं की काही दिवसांत कळी दिसू लागते.

याच गावच्या औद्योगिक वसाहतीत स्ट्रेस म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. साध्या बांधकामी पोलादात तो सुमारे २५० मेगापास्कलच्या आत असेल, तर भार काढल्यावर पोलाद पूर्ववत होतं. त्यापुढे गेलं की कायमचं ताणलं जातं.

माणसाचा ताण तिसराच. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’मध्ये उंदरांवरचे प्रयोग मांडले. थंडी असो, जखम असो की विष, शरीराचा प्रतिसाद ठरावीकच होता. पुढे त्यांनी या प्रतिसादालाच स्ट्रेस म्हटलं. इंजिनिअर मात्र वस्तूत झालेल्या बदलाला स्ट्रेन म्हणतो. कारण आणि परिणाम यांची ही सरमिसळ अजून निस्तरलेली नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ जेकब लेविट यांनी झाडांसाठी इंजिनिअरचीच मांडणी उचलली: ताण सुटल्यावर भरून येणारा बदल वेगळा, न येणारा वेगळा. मला ती सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती मोजता येते. माती पाणी किती ओढून धरते, हेही मेगापास्कलमध्येच मोजतात. ही ओढ दीडच्या आसपास गेली की बहुतेक पिकांच्या मुळांना पाणी उचलता येत नाही आणि कोमेजलेलं पान रात्रीच्या गारव्यातही सावरत नाही.

बारामतीजवळ माळेगावला २००९पासून अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. दुष्काळ, क्षार, उष्णता हे तिथले विषय, आणि तिची स्वतःची जमीनही खडकाळ, मुरमाड.

अशा हलक्या जमिनीत बागेला ताण लवकर बसतो, भारी काळ्या रानात उशिरा. म्हणून शेजाऱ्याच्या बागेचे दिवस मोजून आपला ताण ठरवू नका. मुळांशी खड्डा घ्या, ओल हातात धरून बघा, आणि मगच पाणी कधी सोडायचं ते ठरवा.