पेटी, पाळी आणि गुरुवार

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा गौरव करायचा म्हटले की रत्नागिरी (1828), नाशिक (1840), पुणे (1848), ठाणे (1893) अशी सनावळी ओळीने पुढे येते. त्या संस्थांचे मोठेपण निर्विवाद आहे. 1967 चा ग्रंथालय कायदा, अ-ब-क-ड ही वर्गवारी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचा उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कार हेही या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. माझा मुद्दा या गौरवाच्या मोजमापाचा आहे. कपाटात किती ग्रंथ आहेत, सभासद किती, नियतकालिके किती येतात, यावर आपल्याकडे ग्रंथालयाचा दर्जा प्रामुख्याने ठरतो. दाखल नोंदवही भरलेली असली की तपासणी सुखरूप पार पडते. पण ज्या माणसाला ग्रंथालयापर्यंत येताच येत नाही त्याच्या हाती पुस्तक कोणी दिले, हा प्रश्न या पडताळणीत कुठेच विचारला जात नाही. सार्वजनिक ग्रंथालयाची खरी कमाई याच एका प्रश्नाच्या उत्तरात आहे, असे मी सातत्याने मांडत आलो आहे आणि ते अजूनही पुरेसे ऐकले गेलेले नाही.

हे उत्तर ज्यांनी शोधले त्यांच्याविषयी मात्र सविस्तर लिहायलाच हवे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या. एका शतकानंतर, 2009 मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली, तीही पेटीचीच. एका पेटीत 100 पुस्तके, ती सांभाळणारा एक समन्वयक, भोवती सुमारे 35 वाचकांचा गट. एका गटाची वाचून झाली की पेटी दुसऱ्या गटाकडे जाते. हा प्रवास नाशिकच्या वसाहतींपुरता राहिला नाही. पेट्या तुरुंगांत गेल्या, दुबई, नेदरलँड्स, टोकियो इथल्या मराठी कुटुंबांपर्यंत गेल्या. इमारत नाही, फलक नाही, अनुदानाचा वर्ग नाही. देवघेव मात्र अखंड. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतले मराठी ग्रंथालय चळवळीचे सर्वांत मोठे यश हेच आहे. ‘पेटी म्हणजे ग्रंथालय नव्हे’ असे या क्षेत्रातली काही जाणती मंडळी म्हणतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्येच प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा दंडक घालून दिला. त्या कसोटीवर कुलूपबंद कपाटापेक्षा फिरती पेटी कितीतरी सरस ठरते.

या पेटीची सर्वाधिक गरज आज कुठे असेल, तर ती पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यात. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, बजाज आणि पुढे चाकणला वाहनउद्योग आला. नगरपालिका 1970 ची, महापालिका 1982 ची. इथे महापालिकेची वाचनालये आहेत, धडपड्या साहित्य संस्था आहेत, 2016 चे 89 वे साहित्य संमेलनही इथेच झाले. पण मराठवाड्यातून, विदर्भातून येऊन चार-पाच जणांत खोली घेऊन राहणारा कंत्राटी कामगार पाळीने जगतो. वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडते तेव्हा तो एकतर कंपनीच्या बसमध्ये असतो, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला असतो. विजेचा भार वाटून घेण्यासाठी साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठेवण्याची पद्धत आली आणि या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी पडली. म्हणजे इथल्या कामगाराचा रविवार गुरुवारी येतो. जे ग्रंथालय गुरुवारी दिवसभर उघडे राहील आणि ज्याची पेटी कॅन्टीनपर्यंत पोचेल, तेच या पट्ट्याचे ग्रंथालय.

यावर ठरलेला आक्षेप असा की कामगार वाचत नाही, दमून येतो आणि हातात मोबाइल घेतो. मुंबईच्या कामगारवस्त्यांचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. अण्णाभाऊ साठे आणि नारायण सुर्वे गिरणीत राबले, बाबुराव बागुलांनी रेल्वेत नोकरी केली. आधी वाचल्याशिवाय त्यांच्यातला लेखक उभा राहिला नसता. दुसरा आक्षेप अभ्यासिकांचा. स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी खुर्च्या भरलेल्या आहेत, मग ग्रंथालये ओस कशी, असे विचारले जाते. त्या मुलांना जागा मिळालीच पाहिजे, पण ती आपापली पुस्तके घेऊन बसतात. त्यांची हजेरी देवघेवीत धरणे ही वाचनाची खोटी नोंद आहे. पुस्तके हरवतील, ही तिसरी भीती. काही हरवतीलच. न उघडता वाळवी लागलेल्या पुस्तकापेक्षा वाचकाकडे राहून गेलेले पुस्तक मला कमी तोट्याचे वाटते.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे. कर्नाटकाने 1965 च्या कायद्यातच ग्रंथालय उपकर घातला. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये देशातला पहिला ग्रंथालय कायदा करूनही आपल्या 1967 च्या कायद्यात उपकराला जागा मिळाली नाही. परिणामी ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 30,000 रुपये मिळत, अलीकडे 60 टक्के वाढ होऊन ते 48,000 झाले. महिन्याला 4,000 रुपये, त्यात सेवकाचे वेतनही आले आणि पुस्तकेही. 2012 नंतर बराच काळ नव्या मान्यता आणि दर्जावाढही थांबून होती. ज्या वर्षांत चाकणची वस्ती झपाट्याने वाढली, नेमक्या त्याच वर्षांत नवे ग्रंथालय उभे करण्याची वाट बंद होती. ही हानी भरून काढायला आणखी अनुदानाची वाट पाहत बसणे परवडणारे नाही.

कंपनी कायदा, 2013 च्या सातव्या परिशिष्टात सामाजिक दायित्वाचा निधी ज्या कामांवर खर्च करता येतो त्यांत सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी स्पष्ट नमूद आहे. या पट्ट्यातल्या कारखान्यांनी त्या निधीतून पेट्या भराव्यात, जवळच्या वाचनालयाने त्या फिरवाव्यात, आणि ग्रंथालय संचालनालयाने पेटीतली देवघेव वर्गवारीत आणि पुरस्कारात धरावी, ही माझी मागणी आहे. आणि या अंकाचे जे वाचक एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असतील, त्यांनी पुढच्याच सभेत गुरुवारच्या वेळेचा विषय पटलावर घ्यावा.