आत्मविश्वासाचे बियाणे

वसतिगृहात नव्याने दाखल झालेला विद्यार्थी पहिले काही महिने फारसा बोलत नाही. उत्तर ठाऊक असूनही तो हात वर करीत नाही. आपले चुकेल, सारे हसतील, ही भीती त्याला गप्प ठेवते. अशा मुलाला ‘आत्मविश्वास बाळग’ असे सांगणे सोपे आहे. परंतु तो येतो कोठून, याचा विचार आपण सर्वांनी करावयास हवा.

विश्वास कशावर ठेवावा, हा प्रश्न केसपुत्तच्या कालामांनाही पडला होता. गावात येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच मत खरे ठरवी व दुसऱ्याचे खोडून काढी. तथागतांनी त्यांना सांगितले, की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे वा गुरू सांगतात, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नये. आचरणाने हित होते की अहित, सुज्ञ जन त्याची प्रशंसा करतात की निंदा, हे स्वतः जाणावे व मग अंगीकारावे. स्वतंत्र विचार म्हणजे हट्ट नव्हे, तर पडताळणी होय.

पडताळणीला धीर लागतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे धर्मांतराचा निर्धार जाहीर केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी अभ्यास व चिंतन केले. म्हणूनच त्यांचा निर्णय अढळ राहिला.

दुसरे उदाहरण भंडारदऱ्यापासून फार दूर नाही. आपल्याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना शालेय शिक्षण मिळाले नाही. सर्वत्र संकरित बियाण्यांचा बोलबाला असताना त्यांनी गावरान वाण गोळा केले, ते स्वतःच्या शेतात लावून पाहिले आणि त्यांचे बी जपले. ‘बायफ’ संस्थेचे मार्गदर्शन घेतले, परिसरातील महिलांना सोबत घेतले. पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाण्यांविषयी त्या ठामपणे बोलतात, कारण ते त्यांनी स्वतः पेरून पाहिलेले असते. आत्मविश्वास असा अनुभवातून उगवतो. दुसऱ्याची मदत घेतल्याने तो उणावत नाही.

आता आपल्याकडे पाहू. पाठ केलेले उत्तर जसेच्या तसे लिहिणाऱ्यास आपण शिक्षक शाबासकी देतो; स्वतःच्या शब्दांत अडखळत सांगणाऱ्यासाठी मात्र थांबत नाही. घरी मुलाने ‘का?’ विचारले, की तो उद्धटपणा वाटतो. पुढे हेच मूल चारचौघे पुण्याला स्पर्धा परीक्षेसाठी गेले म्हणून आपणही जाते आणि आपला कल कशात आहे, हे त्याला उमेदीची वर्षे सरल्यावर उमगते. ही वर्षे परत मिळत नाहीत.

म्हणून पालकांना विनंती, की मुलांच्या प्रश्नांना घरात जागा द्यावी. माजी विद्यार्थ्यांनी शाळेत येऊन यशाबरोबरच फसलेले प्रयत्नही मोकळेपणाने सांगावेत. आणि आम्ही शिक्षक, गप्प बसलेल्या त्या नव्या मुलाचे चुकते उत्तरही शेवटपर्यंत ऐकून घेऊ.